धंतोलीतलं नंबर लावायचं अ‍ॅप : कंपनी बंद झाली, धंदा चालू आहे

दवाखान्यात नंबर लावायच्या एका अ‍ॅपचं हे प्रकरण नागपूरचंच आहे, २०१५ ते २०२२ मधलं. नावं घेत नाही. दोघा पार्टनरना मी इथं इंजिनिअर आणि एमआर (डॉक्टरांकडे फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी) म्हणतो, कारण आधी ते तेच होते आणि पुढची सगळी भानगड समजायला तेवढं पुरेसं आहे. दोघं मावसभाऊ, इंजिनिअर मोठा. आकडे गोल केलेत आणि ओळखू येऊ नये म्हणून एक-दोन तपशील हलवलेत. कंपनी बंद करायच्या कागदपत्रांत मी होतो त्यामुळे हिशेब पाहिलेत, आणि दोघांशीही बोलणं आहे, म्हणजे दोघांचीही एकमेकांबद्दलची गाऱ्हाणी ऐकून झाली आहेत.

पार्श्वभूमी

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. धंतोली आणि रामदासपेठ या दोन भागांत इतकी हॉस्पिटलं आणि दवाखाने आहेत की सकाळी दहानंतर तिथं गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीब. पेशंट फक्त नागपूरचे नसतात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ तर आलंच, वरून बैतूल, छिंदवाडा, बालाघाटचेही. नावाजलेल्या डॉक्टरकडे नंबर लावायचा तर घरातलं कोणीतरी सकाळी सातलाच दवाखान्याच्या दारात उभं राहणार, कंपाउंडर येणार, रजिस्टर उघडणार, नाव लिहिणार. डॉक्टरांची वेळ पाटीवर अकराची, पण सकाळची ऑपरेशनं आटपून साहेब साडेबाराला येतात हे सगळ्यांनाच माहीत. मग बाहेरगावचा माणूस चार-पाच घंटे तिथंच बसून असतो, जेवायलाही जात नाही, कारण मधेच नाव पुकारलं तर काय.

इंजिनिअर तेव्हा हिंजवडीत नोकरीला होता. वडिलांना हृदयाच्या डॉक्टरकडे दाखवायला सुट्टी घेऊन आला आणि हे सगळं पाहून त्याच्या डोक्यात अ‍ॅप आलं. एमआर दहा वर्षं औषध कंपनीची बॅग घेऊन याच गल्ल्यांत फिरत होता, कोणत्या दवाखान्यात कोणाचं चालतं हे त्याला पाठ. जोडी म्हणून पाहिली तर याहून चांगली मिळाली नसती. काळ पण तसाच होता. २०१५ मध्ये स्टार्टअपमध्ये पैसा नुसता ओतला जात होता, डॉक्टरांच्या ऑनलाइन अपॉइंटमेंट देणारी बंगळुरूची प्रॅक्टो त्याच वर्षी नऊ कोटी डॉलर उचलून बसली होती, आणि पेपरात रोज कोणीतरी पंचविशीतला पोरगा हसताना दिसायचा. दोघांनी प्रतापनगरमध्ये एका फ्लॅटच्या हॉलमध्ये टेबलं टाकली, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. पैसा घरचा, साधारण बारा लाख.

अडचण

अ‍ॅप तयार झालं, चांगलं झालं. पेशंटनं घरून नंबर लावायचा, त्याला वेळ मिळणार, वेळेवर यायचं. डॉक्टर लोक हो म्हणाले, कारण फुकट होतं आणि एमआरला नाही म्हणायची कोणाला सवय नव्हती. पहिल्या वर्षात शंभरावर डॉक्टर नोंदले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डाउनलोड भराभर वाढले, इंजिनिअरनं त्याचा ग्राफ भिंतीवर चिकटवला.

पण नंबर प्रत्यक्षात लागायचा रजिस्टरमध्ये. अ‍ॅपवर १४ नंबर मिळालेला माणूस दवाखान्यात आला की रजिस्टरमधला १४ नंबर आधीच खुर्चीत बसलेला. मग भांडण. कंपाउंडर म्हणायचा, "भाऊ, तुमच्या मोबाइलचं मले काही सांगू नका, माझं रजिस्टर हे हाये." आणि त्याचंही चूक नव्हतं. रजिस्टरमध्ये फक्त नावं नसतात, त्यात कोणता पेशंट दुसऱ्या डॉक्टरनं पाठवलेला आहे, कोण साहेबांच्या सासरचा, कोणाला शुगर आहे म्हणून लवकर सोडायचं, परतीची गाडी कोणाची किती वाजता, हे सगळं असतं. शिवाय काही ठिकाणी नंबर पुढे सरकवायचे पन्नास-शंभर रुपये सुटायचे, ते अ‍ॅपनं बंद होणार होते. अ‍ॅपमध्ये या माणसाची जागाच नव्हती. स्क्रीन पेशंटसाठी होती, डॅशबोर्ड डॉक्टरसाठी होता, आणि दोघांच्या मधे बसून सगळं चालवणाऱ्याला सकाळी एक ईमेल जायचा ज्याचा पासवर्ड त्याला माहीत नव्हता.

नोंदलेल्या शंभरातले जिवंत किती होते, म्हणजे रोज ज्यांच्याकडे एक तरी नंबर अ‍ॅपमधून जाऊन पेशंट खरंच तपासून बाहेर पडायचा असे, तर वीसच्या आसपास. हा आकडा भिंतीवर नव्हता. काढला तर दहा मिनिटांत निघाला असता.

दुसरी गोष्ट एमआरच्या लक्षात आली ती दवाखान्यात बसून. पेशंट कंपाउंडरला वेळ विचारतच नाही, तो दर दहा मिनिटांनी येऊन विचारतो की आता कितवा चालू आहे. डॉक्टर दीड घंटा उशिरा येणार असेल तर साडेअकराची वेळ देऊन उपयोग काय. एमआर म्हणाला, "दादा, त्याले टाइम नाही पाह्यजे, त्याले चालू नंबर पाह्यजे, म्हणजे तो बाहेर जाऊन पोहे खाऊन येईन." इंजिनिअरला हे पटलं पण फार लहान वाटलं. नंबर दाखवणं म्हणजे काय मोठं तंत्रज्ञान, बँकेत असतंच की.

पैसे कोणाकडून घ्यायचे

पहिला खरा निर्णय हा होता, २०१६ च्या शेवटी, घरचे पैसे संपत आले तेव्हा. तीन रस्ते होते. एक, डॉक्टरकडून दर पेशंटमागे काहीतरी घ्यायचं. हिशेबाला सगळ्यात गोड हाच, पण भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याला बंदी आहे, आणि दर पेशंटमागे पैसे म्हटलं की चांगला डॉक्टर लगेच सावध होतो, त्याला त्यात कटचा वास येतो. एमआरनं हा रस्ता पहिल्याच दिवशी कापला, आणि माझ्या मते या सात वर्षांतला हा सगळ्यात शहाणा निर्णय. दोन, पेशंटकडून वीस रुपये. तीन, दवाखान्याकडून महिन्याचं ठरलेलं भाडं, पेशंट कितीही येवोत.

त्यांनी दुसरा घेतला. वीस रुपये ऑनलाइन भरायचे म्हणजे कार्ड, ओटीपी, पेमेंट गेटवे, आणि हे नोटबंदीच्या महिन्यांत, यूपीआय नुकतंच आलेलं, लोकांच्या हातात अजून बसलेलं नव्हतं. त्यात डॉक्टर उशिरा आले की पेशंट वीस रुपये परत मागायचा, जे परत करायला वीसपेक्षा जास्त खर्च यायचा. पाच-सहा महिन्यांत पुन्हा फुकट केलं.

तिसरा रस्ता एमआरनं स्वतःच्या हिमतीवर, इंजिनिअरला अर्धवट सांगून, करून पाहिला. एका लहान मुलांच्या डॉक्टरकडे जुना टीव्ही भिंतीवर लावला, कंपाउंडरच्या हातात स्वस्तातला टॅबलेट, त्यावर मोठं बटण, पुढचा. दाबलं की टीव्हीवर नंबर बदलणार, आणि ज्याचा नंबर पाचवर आला त्याला एसएमएस. रजिस्टर तसंच राहू दिलं, कोणाला आत सोडायचं हेही कंपाउंडरच्याच हातात. महिना बाराशे रुपये. तिसऱ्या महिन्यात टीव्ही दुरुस्तीला नेला तर कंपाउंडरनंच फोन केला, टीव्ही कधी आणून देता, लोकं डोकं खाऊन राहिले. ग्राहकानं वस्तू परत मागणं ही खूण त्यांच्या अ‍ॅपला एकदाही मिळालेली नव्हती.

चाळीस लाख

२०१८ च्या सुरुवातीला स्टीलच्या धंद्यातले एक शेठ भेटले. चाळीस लाख द्यायला तयार, वीस टक्के हिस्सा, म्हणजे कंपनीची किंमत दोन कोटी धरली. अट अशी लेखी नव्हती पण त्यांना रायपूर, अमरावती, औरंगाबाद आणि जबलपूर दिसत होतं.

इथं एक कागद महत्त्वाचा आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्या काळी शेअर प्रीमियमवर, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावानं, दिले तर रास्त किमतीच्या वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरून तिच्यावर कर लागायचा, त्यालाच लोक एंजल टॅक्स म्हणायचे, २०२४ च्या बजेटमध्ये तो काढला. तो लागू नये म्हणून मूल्यांकनाचा रिपोर्ट लागायचा, आणि त्या रिपोर्टमध्ये पुढच्या पाच वर्षांचा अंदाज. दोन कोटी जस्टिफाय करायला पाच शहरं, दीड हजार डॉक्टर असं काहीतरी लिहावं लागलं. लिहिताना सगळे हसले. सहा महिन्यांनी शेठ तोच कागद समोर ठेवून विचारायला लागले की रायपूर कुठंय. म्हणजे करासाठी केलेला अंदाज कंपनीचा प्लॅन होऊन बसला, ठरवून कोणीच ठरवला नाही.

पर्याय काय होते? पैसे न घेता टीव्हीचंच काम वाढवणं, हे एमआरचं म्हणणं. पैसे घेऊन नागपुरातच दोन वर्षं घालवणं, हे मधलं, ते दोघांनीही मांडलंच नाही, मी आता मांडतोय. आणि पैसे घेऊन चार शहरं. इंजिनिअरचा मुद्दा असा की आपण थांबलो तर प्रॅक्टो नागपूर खाऊन टाकेल. गंमत म्हणजे किराणा घरपोच देणाऱ्या ग्रोफर्सनं २०१६ च्या जानेवारीत नाशिकसकट नऊ शहरांतलं काम गुंडाळलं होतं आणि एप्रिलमध्ये पेपरटॅपनं किराण्याची डिलिव्हरीच बंद केली, या बातम्या दोघांनी वाचलेल्या होत्या, त्यावर ऑफिसात चर्चाही झालेली. त्यातून त्यांनी काढलेला अर्थ असा की या कंपन्यांना पैसा कमी पडला. अमेरिकेत ऑनलाइन किराण्याच्या वेबव्हॅन कंपनीचं अगदी हेच झालेलं, १९९९ मध्ये शेअर बाजारात आली, पहिलं शहर नफ्यात यायच्या आत पुढची शहरं उघडली, २००१ मध्ये दिवाळं. पैसा तिथं कमी नव्हता, प्रत्येक नवीन शहर तोटाच वाढवत होतं.

ऑफिस प्रतापनगरच्या फ्लॅटमधून आयटी पार्कच्या रोडवर गेलं, माणसं अठरा झाली. महिन्याचा खर्च चार लाख. टीव्हीवाले दवाखाने तोवर साठेक, म्हणजे बहात्तर हजार आवक. बाकी सगळं शेठच्या पैशातून. सव्वातीन लाखांचा खड्डा दर महिन्याला, चाळीस लाख वर्षभरात जातात हे गणित पाचवीतलं पोरगं करेल. पण रायपूरमध्ये दवाखाने नोंदले की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाळ्या पडायच्या, तिथले कंपाउंडर कोण, त्यांच्याशी कोण बोलतं, हे कोणी विचारलं नाही. एमआरची दहा वर्षांची ओळख नागपुरातली होती, ती रायपूरला सोबत जात नाही. तिथं पगारी पोरं ठेवली, ती तीन महिन्यांत दुसरीकडे.

२०१९ च्या दिवाळीला पगार दोन हप्त्यांत झाले. बाहेरची चारही शहरं बंद केली, सहा महिने उशिरा. शेठनं अजून पैसे द्यायला नकार दिला, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

लॉकडाऊन आणि नंतर

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला, ओपीडी बंद, टीव्ही बंद, आवक शून्य. त्याच तारखेला सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले, फोनवर व्हिडिओवर तपासायला अधिकृत परवानगी. इंजिनिअरला वाटलं आता आपली वेळ आली. चार महिने उरलेल्या तीन पोरांसोबत व्हिडिओ कन्सल्टेशन बनवलं. तोपर्यंत सरकारचं ई-संजीवनी फुकटात सुरू झालेलं आणि नागपूरचे डॉक्टर सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून गूगल पेनं फी घेत होते. वापरायला कोणी आलंच नाही.

आणि जूनपासून एमआरचा फोन थांबेना. दवाखाने उघडले पण आत गर्दी नको, पेशंटनी बाहेर गाडीत बसायचं, नंबर आला की आत. म्हणजे जे इंजिनिअरला लहान वाटत होतं तेच सगळ्यांना पाहिजे झालं. बंद पडलेले दवाखाने परत आले, नवीन आले, भाडं पंधराशे केलं तरी कोणी कुरकुर केली नाही.

मग मार्च २०२१. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नव्या नियमानं एसएमएसचं हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकूर आधी डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर नोंदवलेला नसेल तर मेसेज अडवायला सुरुवात झाली. त्या आठवड्यात बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते, यांचं तर काय. यांची नोंदणी अर्धवट. धंतोलीत पेशंट रस्त्यावर उभे आणि मेसेज नाही. एमआरनं रात्रीतून कागदाच्या चिठ्ठ्या छापल्या, त्यावर क्यूआर, स्कॅन केलं की चालू नंबर फोनवर दिसणार. एसएमएसचा खर्चच गेला. आजही तेच चालू आहे. नाइलाजानं केलेली गोष्ट आधीच्या सगळ्या डिझाइनपेक्षा चांगली निघाली, कारण चिठ्ठी कंपाउंडर देतो, त्याच्या हातातलं त्याच्याच हातात राहतं.

शेवटी काय झालं

२०२२ मध्ये दोघं वेगळे झाले. भांडून नाही म्हणता येणार, पण दिवाळीला एकमेकांकडे जाणं दोन वर्षं बंद होतं. इंजिनिअर परत नोकरीत गेला, पुण्याची कंपनी, काम घरून. अ‍ॅप बंद केलं. नंबरच्या टीव्हीचं काम एमआरनं स्वतःच्या नावावर घेतलं, जुन्यातला एक प्रोग्रामर सोबत ठेवला. शेठच्या हातात काही आलं नाही, त्यांनी ते तोट्यात लिहिलं आणि अजून एमआरशी बोलतात, ही मोठी गोष्ट आहे.

कंपनी बंद करणं वेगळीच कथा. शेवटच्या काळात एक वर्ष आरओसीचे, म्हणजे कंपनी निबंधकाकडे दरवर्षी द्यायचे, फॉर्म भरलेच नव्हते. ताळेबंदाचा एक, वार्षिक विवरणाचा एक, प्रत्येकी दिवसाला शंभर रुपये लेट फी, वर्षभराचे झाले त्र्याहत्तर हजार, त्यावर आरओसीच्या यादीतून कंपनीचं नाव काढायच्या अर्जाचे दहा हजार वेगळे. तीन वर्षं भरले नसते तर दोघंही पाच वर्षांसाठी डायरेक्टर व्हायला अपात्र ठरले असते आणि इंजिनिअरच्या डोक्यात अजून एक आयडिया होतीच. बंद कंपनीवर लाखभर खर्च करायला कोणाला आवडत नाही, पण पगार थकलेले देऊन, बँक खातं बंद करून, हे केलं. अ‍ॅपवरचे पेशंटचे मोबाइल नंबर पुसले. डोमेन मात्र सोडलं नाही, कारण जुन्या चिठ्ठ्या आणि फायलींवर ती लिंक छापलेली आहे आणि उद्या दुसऱ्या कोणी ते नाव विकत घेऊन पेशंटकडून पैसे मागितले तर शिव्या डॉक्टरला पडतील.

अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्याचे आकडे वर्षानुवर्षं साधारण सारखेच येतात, नवीन धंद्यांतला पाचातला एक पहिल्या वर्षात बंद, पाच वर्षांत निम्मे. या मापानं ही कंपनी सात वर्षं टिकली, वरच्या अर्ध्यात बसते. आरओसीच्या साइटवरही शेवटपर्यंत अ‍ॅक्टिव्हच दिसत होती. पण तिचं अ‍ॅप माझ्या मते २०१७ मध्येच संपलेलं होतं, आणि जे तेव्हा जन्मलं ते आज जिवंत असूनही कुठल्याच स्टार्टअपच्या मोजणीत नाही, कारण ते एका माणसाचं साधं दुकान आहे.

वेगळं काय करता आलं असतं

२०१७ मध्ये, टीव्ही परत मागणारा तो फोन आला त्या आठवड्यात, अ‍ॅप बंद करायला हवं होतं का? एमआर म्हणतो हो. इंजिनिअर म्हणतो की अ‍ॅप नसतं तर शंभर डॉक्टरांच्या दारात पाय ठेवायला कारणच नव्हतं, आणि यातही तथ्य आहे. मला वाटतं बंद नाही पण त्यावर एकही नवीन माणूस ठेवायला नको होता. शेठचे पैसे घेतानाच लिहून घ्यायचं, की नागपुरात दोनशे दवाखाने भाडं भरत नाहीत तोवर दुसरं शहर नाही. शेठ व्यापारी माणूस, त्यांना उधारी आणि वसुली कळते, ते याला नाही म्हणाले नसते. त्यांना कोणी विचारलंच नाही.

एमआरसमोर आता दुसराच प्रश्न आहे. त्याची उलाढाल वर्षाला अठरा-एकोणीस लाख. वीस लाख ओलांडले की जीएसटी, अठरा टक्के. डॉक्टरांची सेवा करमुक्त असल्यामुळे त्यांना या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, मिळत नाही, म्हणजे दवाखान्यासाठी ते सरळ भाडं वाढणं. वाढवलं नाही तर स्वतःच्या खिशातून भरायचे, वीस लाखांत तीन लाख. तेवढी भरपाई व्हायलाच वीसेक नवीन दवाखाने लागतात, त्यांच्या टीव्हीचा आणि माणसाचा खर्च वेगळा. त्याच्याकडे सध्या विचारणा आहे डझनभराची, त्यातले तीन वर्ध्याचे. वर्ध्याला जाऊ का म्हणून त्यानं मागच्या महिन्यात विचारलं, मी म्हटलं आधी तिथला कंपाउंडर कोण आहे ते सांग.